तळीरामाचे दैवत

मराठी नाटककारांनी रंगभूमीवर पुष्कळ राजे आणले, पुष्कळ संत आणले. पण एक अख्खा नवा धर्म कल्पून तो प्रेक्षकांपुढे मांडण्याचे काम एकट्या राम गणेश गडकऱ्यांनीच केले, असे मला वाटते. 'एकच प्याला' या नाटकातील 'आर्य मदिरा मंडळ' हा तो धर्म. आपण त्याला विनोदी प्रवेश म्हणून बाजूला ठेवतो. नाटकाच्या गंभीर भागाला उतारा म्हणून गडकऱ्यांनी तो घातला, अशी समजूत शालेय टिपणांपासून तो जाड ग्रंथांपर्यंत सर्वत्र आढळते. मला ती समजूत मान्य नाही. हे मंडळ काढून टाकले तर सुधाकराची कहाणी एका दुबळ्या मनाच्या वकिलाची कहाणी उरते. मंडळ असल्यामुळेच ती एका समाजाची कहाणी होते.

धर्माला काय काय लागते ते पाहा. एक दैवत लागते. ते येथे बाटलीत आहे. एक प्रवर्तक लागतो, तो तळीराम. दीक्षेचा एक क्षण लागतो, आणि तो या नाटकाच्या नावातच सांगितलेला आहे. मग शास्त्रार्थ लागतो, कारण ज्या पंथाला आपले समर्थन करता येत नाही तो पंथ फार दिवस टिकत नाही. मंडळाच्या बैठकीत एखाद्या वादसभेला शोभेल असे तर्कशास्त्र चालते. फक्त त्या तर्काची सगळी टोके एकाच दिशेला वळलेली असतात. आणि शेवटी बंधुभाव लागतो. शास्त्री आणि खुदाबक्ष येथे एका बैठकीला बसतात. ज्या काळात पंक्तिभेदावरून पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरत होते, त्या काळात खऱ्या अर्थाने सहभोजन होत होते ते या मंडळात! गडकऱ्यांच्या उपरोधाचे टोक येथे आहे. सुधारकांना जे व्याख्यानांनी जमले नाही ते तळीरामाने पेल्याने जमवले, असे ते हसत हसत सांगतात, आणि हसणाऱ्याच्या हसण्यात थोडी लाज मिसळून देतात.

'आर्य' हा शब्दही सहज पडलेला नाही. १८७५ साली मुंबईस आर्य समाज स्थापन झाला, १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्यानंतर संस्थेच्या नावापुढे 'आर्य' लावणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. आम्हा मराठवाड्यातील लोकांना मात्र हा शब्द ऐकून चटकन हसू येत नाही. उदगीर, लातूर, नांदेड या भागांत निजामी अमलात आर्य समाजाचे काम करणे म्हणजे तुरुंगाचा रस्ता धरणे होते. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ साली बिदरच्या तुरुंगातच वारले. त्यामुळे मंडळाच्या नावावर पुण्याचा प्रेक्षक ज्या मोकळेपणाने हसला असेल, तसा आमच्याकडला जुना माणूस हसत नसे. नाटक तेच; पण गाव बदलले की विनोदाचे वजन बदलते.

तसाच दुसरा शब्द 'गुत्ता'. पुण्याकडे गुत्ता म्हटले की दारूचेच दुकान डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे गुत्तेदार म्हणजे रस्त्याचा, पुलाचा, शाळेच्या खोलीचा ठेका घेणारा माणूस. मुळात गुत्ता म्हणजे मक्ता. निजाम सरकारला अबकारीचे उत्पन्न मोठे असे, आणि गावोगावच्या शिंदीच्या झाडांवर सरकारचा डोळा असे. म्हणूनच १९४७ च्या लढ्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या अनुयायांनी करोडगिरीच्या नाक्यांबरोबर शिंदीच्या झाडांवरही कुऱ्हाड चालवली. शिंदीचे झाड तोडणे हा आमच्याकडे राजकीय कार्यक्रम होता! तळीरामाच्या धर्माला राजाश्रय असतो ही गोष्ट गडकऱ्यांच्या नाटकात फारशी येत नाही. ती आम्हांला वेगळी सांगावी लागत नाही.

असो. मुद्दा असा की, दारूचा धर्म कल्पून त्याची थट्टा करणे ही गोष्ट आपल्या देशात गडकऱ्यांपूर्वी तेराशे वर्षे होऊन गेलेली आहे. कांचीचा पल्लव राजा महेंद्रवर्मा याने सातव्या शतकात 'मत्तविलास' नावाचे प्रहसन लिहिले. त्यात सत्यसोम नावाचा कापालिक आपल्या देवसोमा या सखीबरोबर झिंगत फिरतो आहे. दारूचे दुकान त्याला यज्ञमंडपासारखे दिसते. तेथील एकेका वस्तूला तो यज्ञातल्या एकेका उपकरणाची जोडी लावतो. त्याचे कवटीचे भिक्षापात्र हरवते आणि संशय जातो एका बौद्ध भिक्षूवर. हा भिक्षूही गमतीचा आहे. बुद्धाने मद्याची परवानगी दिलीच असली पाहिजे, म्हाताऱ्या भिक्षूंनी मत्सराने ती पाने लपवली असावीत, असे त्याचे मत! पात्र पळवलेले असते एका कुत्र्याने, आणि ते परत मिळते एका वेड्याच्या हातून. मद्य आणि वेड यांची गाठ त्या राजाने अशी विनोदात घातली. पण तेथे कोणाचे घर मोडत नाही. कापालिकाला घर नाही, बायको नाही, तान्हे मूल नाही. पात्र मिळाले की सगळे आनंदाने आपापल्या वाटेने जातात. गडकऱ्यांनी तोच खेळ चार भिंतींच्या संसारात आणून मांडला, आणि विनोदाचा पायाच हादरला.

आता मी आमच्या माहूरकडे वळतो. काही वाचकांना हे वळण खटकेल. पण दिवाळीच्या अंकात देवाचे नाव आल्यावाचून लेख पुरा वाटत नाही.

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे दत्ताचे ठाणे. शिखरावर दत्त, शेजारी अनसूया, आणि गडावर रेणुका. आपण घरोघर ज्या दत्ताची तसबीर लावतो तो तीन शिरांचा, गाय आणि कुत्री जवळ असलेला, अत्यंत सोवळा देव आहे. गुरुचरित्राचा सप्ताह करणारी घरे किती कडक नियम पाळतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण मार्कंडेय पुराणात भेटणारा दत्त वेगळा आहे. मुनिकुमारांनी त्याला घेरून टाकले, तेव्हा तो सुटका करून घेण्यासाठी सरोवरात बुडून बसला. ते काठावरून हालेनात. मग तो एका सुंदर स्त्रीसह वर आला. तरीही ते हालेनात. शेवटी तो तिच्यासह मद्य पिऊ लागला, तेव्हा कोठे ती मंडळी उठून गेली. पुढे जंभ दैत्याकडून हरलेले देव त्याच्याकडे आले. तेव्हा त्याने त्यांना सांगितले की मी असा मद्यप, उष्ट्या तोंडाचा, माझ्याकडून तुम्ही विजयाची अपेक्षा कशी करता? देव चिकट निघाले. ही शेजारी बसलेली लक्ष्मी आहे आणि तू निष्पाप आहेस, असे त्यांनी ओळखले. दैत्यांना ते ओळखता आले नाही. त्यांनी लक्ष्मीला पालखीत घालून डोक्यावर घेतले आणि त्यामुळेच ते बुडाले.

मी ही कथा भाविकपणाने सांगत नाही, कथा म्हणून सांगतो. आणि कथा म्हणून ती अद्भुत आहे. येथे मद्य हे पूजेचे साधन नाही. ते कुंपण आहे. देवाने आपल्याभोवती घातलेले हे कुंपण पाहून जो परत फिरतो तो बाहेरच राहतो. कार्तवीर्य अर्जुन फिरला नाही. त्याने पाय चेपले, सेवा केली आणि हजार हात मिळवले. त्या हजार हातांचे त्याने पुढे काय केले, आणि जमदग्नीच्या आश्रमावर कोणता प्रसंग ओढवला, हे रेणुकेच्या गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. ज्या दत्ताने कार्तवीर्याला बळ दिले त्याच दत्ताच्या हाताखाली परशुरामाने आपल्या मातापित्यांचे अंत्यविधी माहूरला केले, असे तेथील माहात्म्य सांगते. मद्यप वेषातल्या देवाचा प्रसाद कोणाच्या घरापर्यंत पोहोचतो याचा हिशेब आमच्या लोकांनी असा एकाच डोंगरावर मांडून ठेवला आहे. रेणुकेला तेथे विड्याचा नैवेद्य असतो. पाने दगडी खलात कुटून तो तांबूल भक्तांच्या हातावर पडतो. उग्र देवतेच्या गडावर हे एवढेच साधे, तोंड रंगवणारे दान मला नेहमी विचारात पाडते.

तळीराम आणि हा दत्त यांच्यात फरक काय? दत्त मद्याच्या आड स्वतःला लपवतो, कारण लोकांनी आपल्यामागे येऊ नये अशी त्याची इच्छा आहे. तळीराम लोकांनी आपल्यामागे यावे म्हणून मद्य पुढे करतो. एक देव भक्त हाकलतो आणि एक कारकून भक्त गोळा करतो. ज्याला शिष्य हवे असतात त्याच्या हातातला पेला तपासून पाहावा, इतके शहाणपण त्या जुन्या पुराणात आहे.

मद्य बाजूला ठेवून नुसते वेड घेतले, तर आमच्या मराठीचा एक मोठा ग्रंथ त्यावरच उभा आहे. महानुभावांचे गोविंदप्रभू, रिद्धपूरचे गुंडम राऊळ, हे चक्रधरांचे गुरू. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळाचरित्रानंतर गोळा केल्या. हे वेड पाहण्यासारखे आहे. ते कोणाच्याही घरात शिरतात, मडक्यात हात घालतात, दगडगोट्यांशी खेळतात, मूर्तीशी बोलतात, रुसतात, रागावतात. आणि महारा-मातंगांच्या वस्तीत जाऊन येतात, म्हणून गाव कुरकुरते. म्हाइंभट यातले काहीच झाकत नाहीत आणि कशाचीही थट्टा करत नाहीत. ज्याने पाहिले त्याच्याकडून ऐकायचे आणि लिहायचे, एवढेच त्यांचे काम. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे गद्य आजही इतके ताजे वाटते त्याचे कारण मला त्यांच्या या संयमात दिसते. महानुभाव पंथ मद्याला शिवत नाही. म्हणजे शिवाशिवीची भिंत ओलांडण्याचे जे काम तळीरामाच्या मंडळात दारूने होते, ते रिद्धपुरात एका माणसाच्या शुद्ध वेडाने झाले. आणि ते वेड सकाळी उतरत नव्हते.

आमच्या जिल्ह्यांत अशा वेडाला अजून जागा आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्ये भेटतात. देवाचे कुत्रे होऊन भुंकणे आणि कोटंब्यातले खाणे ही त्यांची जुनी रीत. औशाच्या नाथ परंपरेतले चक्रीभजन ज्यांनी पाहिले असेल त्यांना गरगर फिरणाऱ्या टाळकऱ्यांची तंद्री सांगायला नको. आणि औरंगाबादचे सिराज! अठराव्या शतकातला हा उर्दू कवी ऐन तारुण्यात काही वर्षे खरोखरच वेडावस्थेत होता, आणि खुलताबादेस बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती फिरत असे. त्याच्या गजलांत मद्य आहे आणि जुनून आहे, पण तो पेला ओठाला लावायचा नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. माधव जूलियनांनी १९२९ साली उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हा पुण्यामुंबईच्या तरुणांनी तो पेला खराच समजून काय गोंधळ घातला असेल तो असो! फारसीच्या त्या प्राध्यापकाची मेहनत मोठी होती. पण मराठी वाचकाच्या कानाला साकी आणि शराब या शब्दांचा सुफी अर्थ परका होता, तो मराठवाड्यातल्या वाचकाला तितका परका नव्हता.

येथे ग्रीकांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. त्यांच्याकडे मद्य आणि उन्माद यांचा रीतसर देव होता, डायोनायसस. आणि अथेन्समध्ये नाटके होत ती याच देवाच्या उत्सवात. म्हणजे नाटकाचे दैवतच दारूचे. युरिपिडीसने आपल्या आयुष्याच्या अखेरीस या देवावर 'बाक्खी' हे नाटक लिहिले. राजा पेन्थिअस या नव्या देवाला मानत नाही, त्याच्या बायकांच्या मेळ्यावर बंदी घालतो. शेवटी देवाच्या उन्मादात सापडलेली त्याची स्वतःची आई, आगावे, त्याला सिंहाचा छावा समजून हाताने फाडते आणि शिर मिरवीत गावात येते. मग हळूहळू तिची धुंदी उतरते, आणि हातात काय आहे ते तिला दिसते.

आता 'एकच प्याला'चा शेवट आठवा. धुंदीतल्या सुधाकराच्या हातून त्याचे तान्हे मूल जाते. सिंधूही त्याच मारातून उठत नाही, आणि मरताना नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. मद्याच्या देवाला पोटच्या पोराचा बळी लागतो, ही गोष्ट सुमारे तेवीसशे वर्षांच्या अंतराने दोन नाटककारांना सारखीच सुचली. गडकऱ्यांनी 'बाक्खी' वाचले होते की नव्हते, या वादात मी शिरत नाही. त्याची गरजही नाही. आणखी एक योग असा की, दोन्ही नाटके लेखकाच्या मागे रंगभूमीवर आली. 'बाक्खी' युरिपिडीसच्या मृत्यूनंतर अथेन्सला झाले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, आणि गंधर्व नाटक मंडळीने महिन्याच्या आत बडोद्यास 'एकच प्याला' लावले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व आणि सुधाकर गणपतराव बोडस.

पण साम्य येथे संपते, आणि गडकऱ्यांविषयीची माझी तक्रार येथे सुरू होते. युरिपिडीस आगावेला शुद्धीवर आणतो. तिचा बाप तिला एकेक प्रश्न विचारतो आणि ती एकेक पायरी खाली उतरते. सबंध नाटकातला सर्वांत भयंकर भाग तो आहे, आणि तेथे एकही मोठा आवाज नाही. गडकरी सुधाकराला शुद्धीवर आणतात, पण बोलायला लावतात. त्याची भाषणे सुंदर आहेत, पाठ करण्याजोगी आहेत. पिढ्यान् पिढ्या नटांनी ती पाठ केली. पण ज्या माणसाने नुकतेच आपले मूल मारले आहे त्याला इतकी उपमा-उत्प्रेक्षांची समृद्धी सुचते, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि मग तो विष पिऊन मोकळा होतो. आगावेला तशी सुटका नाही. तिला जगायचे आहे.

दुसरी तक्रार मंडळाविषयीच आहे. तळीराम नाटकात मरतो, वैद्य आणि डॉक्टर त्याच्या उशाशी भांडतात, आपण हसतो, आणि मंडळ तेवढ्यावर जणू विसर्जित होते. वस्तुतः मंडळ विसर्जित होत नसते. एक तळीराम गेला तर दुसरा बैठक मांडतो. त्याचे नाव आता विशेषनामही उरलेले नाही. वर्तमानपत्रांत 'तळीरामांचा धिंगाणा' असा मथळा येतो तेव्हा गडकऱ्यांचा उल्लेख करण्याची कोणाला गरज वाटत नाही. ज्या पात्राचे सामान्यनाम झाले त्याच्या कर्त्याने आणखी काय मिळवायचे? पण त्या मथळ्यातली छटा पाहा. ती कौतुकाची आहे. खून करणाऱ्याला आपण असे लाडके नाव देत नाही.

हे कौतुक कोठून येते ते मी आमच्या शाळेत पाहिले आहे. एका स्नेहसंमेलनात मुलांनी मंडळाचा प्रवेश घेतला होता. बाटलीत गुळाचे पाणी. एका मुलाचे झिंगणे इतके हुबेहूब होते की पालक टाळ्या थांबवीनात. तो नेहमी उजवीकडेच तोल टाकी. तालमीत मी त्याला विचारले होते, दोन्हीकडे का जात नाहीस? तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या गल्लीत डाव्या हाताला नाली हाये. बाप उजवीकडच्या भिंतीला धरूनच येतो." नक्कल अशी असते, तिला पाठांतर लागत नाही. बायकांच्या रांगेत त्या रात्री हशा होता, पण पहिल्या दोन रांगांत जास्त आणि मागे कमी. गावात कोण कोठे बसते हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल.

म्हणून मला या नाटकात सिंधूपेक्षा गीता अधिक आवडते, हे येथे नमूद करतो. माझे हे मत वडीलधाऱ्या रसिकांना रुचणार नाही. सिंधू जात्यावर दळते, सोसते आणि नवऱ्याला दैवत मानते. म्हणजे त्या घरात दोन धर्म आहेत: नवऱ्याचा दारूचा आणि बायकोचा नवऱ्याचा. दोन्हींत भक्ती सारखीच आंधळी आहे. बालगंधर्वांच्या सुरांनी त्या दुसऱ्या भक्तीला इतके सोज्ज्वळ रूप दिले की तिच्याकडे डोळे उघडून पाहणे आपण विसरलो. गीता ही तळीरामाची बायको. ती फटकळ आहे, तिला गोड गाणी नाहीत. दारूला दारू आणि दारुड्याला दारुडा म्हणणारी नाटकातली ती जवळजवळ एकटीच बाई. मद्याच्या या कल्पित धर्मातली ती पाखंडी आहे. गडकऱ्यांनी तिला विनोदी पात्रांच्या ओळीत बसवले आणि करुणेचा सगळा साठा सिंधूच्या पदरात टाकला. हौशी मंडळी प्रयोग कापायला बसतात तेव्हा पहिली कात्री गीतेच्या बोलण्याला लागते, आणि मंडळाचा प्रवेश मात्र कोणी कापत नाही.

गीतेचे बोलणे पुढे नेले ते नाटककारांनी नव्हे. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करायचे की नाही यासाठी गावातल्या बायकांचे गुप्त मतदान घेण्याचा नियम झाला. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातल्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान उठते. मतदानाला न आलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूचीच धरली जाते. मूर्तीपुढे उभे राहून कौल मागणे आम्हांला नवे नाही. येथे दैवतालाच कौल लावला जातो, आणि कौल देणारणी बहुतेक सिंधूसारख्याच जात्यावर वाढलेल्या असतात. मतदानाच्या आदल्या दिवशी घराघरांतून काय बोलणी होतात, कोण कोणाला शपथ घालते, कोणाचा नवरा त्या दिवशी बायकोला मुद्दाम माहेरी धाडतो, हा सगळा एका पाचअंकी नाटकाचा ऐवज आहे. तो अजून कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही. लिहिणाऱ्याने तळीरामाला अवश्य घ्यावे, मंडळाचा प्रवेशही ठेवावा. फक्त या खेपेला बैठक चालू असताना दाराशी गीता उभी असावी, आणि तिचे बोलणे कोणी कापू नये.